एक लाख समभाग आणि एक गुप्त हिस्सा : निजामाच्या खाण कंपनीची कहाणी

१/ जानेवारी १८८६. हैदराबाद संस्थानाच्या सरकारने वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांशी एक करार केला. संस्थानाच्या भूमीत खनिजे शोधण्याचा आणि काढण्याचा हक्क त्यांना मिळाला. खाणींची मुदत होती ९९ वर्षे. आजच्या नांदेड जिल्ह्यातील हदगाव त्या काळी याच संस्थानात होते. पैनगंगेपलीकडे उमरखेडला वऱ्हाडातील इंग्रजी अंमल, अलीकडे निजामाचा. हदगावच्या काळ्या मातीखाली काही असलेच, तर त्याचाही हक्क आता या करारात बांधला गेला होता.

२/ त्याच वर्षी लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी लिमिटेड’ स्थापन झाली. दोन वर्षांत तिचे प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत पोहोचले. कंपनी कशी उभी राहते, ‘लिमिटेड’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि त्या शब्दाआड काय काय दडू शकते, हे समजून घेण्यासाठी मराठवाड्याच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी भागीदारीतला धंदा बुडाला की भागीदाराचे घर, शेत, दागिने, सारेच धनकोच्या हाती जाई. इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने हे चित्र बदलले. भागधारकाची जबाबदारी त्याच्या समभागाच्या न भरलेल्या रकमेपुरतीच राहिली. हीच ‘मर्यादित जबाबदारी’. हिंदुस्थानात १८५० मध्ये कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. मर्यादित जबाबदारीची तरतूद १८५७ च्या कायद्याने आली.

४/ या सोयीचे तेज आणि दाह दोन्ही मुंबईने लगेच अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात कंपन्यांचे पीक उगवले. बॅकबे भरावाच्या कंपनीचे ५,००० रुपयांचे समभाग त्याच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि कागदी श्रीमंती विरून गेली.

५/ हैदराबादची परिस्थिती निराळी होती. कर्तबगार दिवाण पहिले सालारजंग फेब्रुवारी १८८३ मध्ये वारले. निजाम मीर महबूब अली खान १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, राज्यकारभार हाती घेत होते. दिवाणपदावर आलेले दुसरे सालारजंगही तरुणच होते. रेल्वे, खाणी, कर्जे यांचे व्यवहार लंडनच्या बाजारात ठरत. त्या बाजाराची भाषा जाणणारी माणसे दरबारात मोजकीच होती.

६/ त्यांतले एक अब्दुल हक. किताब सरदार दिलेरजंग, पुढे दिलेर-उल-मुल्क. संस्थानाच्या रेल्वेचा व्यवहार लंडनमध्ये जुळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. खाणींच्या वाटाघाटींतही सरकारच्या बाजूने तेच होते. दरबाराचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. पुढचे सारे प्रकरण या विश्वासाभोवती फिरते.

७/ आता कंपनीची रचना पाहू. भांडवल १० लाख पौंड. १० पौंडांचा एक, असे १ लाख समभाग. त्यांपैकी ८५,००० समभाग ‘पूर्ण भरणा झालेले’ म्हणून वॉटसन आणि स्टुअर्ट यांच्या बाजूला गेले. रोख रक्कम भरून नव्हे. निजामाकडून मिळालेला खाणींचा हक्क त्यांनी कंपनीला दिला, त्याचा हा मोबदला. उरले १५,००० समभाग. प्रत्यक्ष कामासाठी पैसा यायचा तो एवढ्यांतूनच.

८/ हे बेकायदा होते का? नाही. १८६७ च्या इंग्रजी कंपनी कायद्यानुसार रोख पैशाऐवजी अन्य मोबदल्यात समभाग देता येत; फक्त तसा लेखी करार निबंधकाकडे दाखल करावा लागे. मात्र त्याचा परिणाम पाहा. समभाग ‘पूर्ण भरलेला’ म्हणजे धारकाचे काहीही देणे उरलेले नाही. कंपनी बुडाली तरी त्याच्या खिशातून एक पेनीही जाणार नाही, चालली तर ८५ टक्के लाभ त्याचा. जबाबदारी नुसती मर्यादित नव्हे, शून्यच.

९/ हक्काची किंमत ८.५ लाख पौंड, हे ठरवले कोणी? ज्यांना तो विकायचा होता आणि ज्यांनी कंपनी उभी केली, त्यांनीच. कायद्याच्या भाषेत अशा व्यक्तीला ‘प्रवर्तक’ म्हणतात. कंपनी जन्माला येण्यापूर्वी तिच्या वतीने सारे ठरवणारा प्रवर्तकच असतो. विकणारा आणि विकत घेणारा एकाच मेजावर, एकाच खुर्चीत बसलेला.

१०/ इंग्लंडच्या न्यायालयांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. १८७८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘न्यू सोम्ब्रेरो फॉस्फेट’ खटल्याचा निकाल दिला होता. कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा भाडेपट्टा काही सावकारांनी ५५,००० पौंडांना घेतला आणि आपणच उभ्या केलेल्या कंपनीला १,१०,००० पौंडांना विकला. न्यायालयाने तो व्यवहार रद्द केला. प्रवर्तकाने नफा कमवावा. पण स्वतंत्र संचालक मंडळासमोर सारे उघड करून, असे तत्त्व त्यातून ठरले.

११/ हैदराबादच्या प्रकरणात गाठ आणखी खोल होती. अब्दुल हक सरकारच्या वतीने बोलत होते, आणि त्याच वेळी प्रवर्तकांच्या लाभात त्यांचा गुप्त हिस्सा होता. म्हणजे संस्थानाचा वकीलच समोरच्या पक्षाचा भागीदार! हक्क जितका स्वस्त सुटेल, तितका त्यांचा स्वतःचा फायदा मोठा.

१२/ यापुढचे पाऊल अधिक धाडसी. निजाम सरकारने या कंपनीचे समभाग विकत घ्यायचे ठरवले. दरबाराची समजूत अशी की खरेदी लंडनच्या खुल्या बाजारातून होत आहे. प्रत्यक्षात सरकारला चढ्या भावाने मिळालेले समभाग अब्दुल हक यांच्या स्वतःच्या हिश्श्यातले होते. निजामाच्याच भूमीचा हक्क कागदात रूपांतरित झाला आणि तो कागद निजामालाच विकण्यात आला.

१३/ हा पैसा होता कोणाचा? संस्थानाच्या खजिन्याचा मुख्य आधार जमीन महसूल. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेल्या हदगावच्या परिसरात कोळशाची खाण निघाली नाही. तेथे निघत होती ज्वारी आणि कापूस, आणि त्यावरचा सारा. लंडनमधल्या समभागांची किंमत शेवटी अशा गावांनीच मोजली. त्यांची मर्यादा मात्र कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेली नव्हती.

१४/ १८८८ मध्ये हे बिंग फुटले. अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यात आले. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने खास चौकशी समिती नेमली. संस्थानाची बाजू मांडण्यासाठी मोहसीन-उल-मुल्क इंग्लंडला गेले. पुढे अलीगढ चळवळीचे नेते म्हणून नावाजलेले ते हेच. एका देशी संस्थानाच्या खाणीचे व्यवहार साम्राज्याच्या राजधानीत उलगडले गेले.

१५/ कंपनी मात्र बुडाली नाही. १८७१ मध्ये डॉ. किंग यांनी येलंदूजवळ कोळशाचा शोध लावला होता. तेथे खाणी सुरू झाल्या आणि संस्थानाच्या रेल्वेला इंधन मिळाले. २३ डिसेंबर १९२० रोजी हैदराबादच्या स्वतःच्या कंपनी कायद्याखाली ‘सिंगरेणी कॉलरीज कंपनी लिमिटेड’ नोंदली गेली आणि तिने जुन्या कंपनीची मालमत्ता व देणी घेतली. १९४५ मध्ये बहुसंख्य समभाग संस्थानाने विकत घेतले. तेलंगणातील आजची सिंगरेणी ती हीच.

१६/ लंडनच्या अनुभवानंतरही संस्थानाने कंपनी या साधनाकडे पाठ फिरवली नाही. वापरण्याची रीत बदलली. १९२९ च्या औद्योगिक विश्वस्त निधीतून सरकार मोठ्या उद्योगांचे समभाग उघडपणे घेऊ लागले. नांदेडची उस्मानशाही मिल याच परंपरेतली. मराठवाड्याचा कापूस मराठवाड्यात कातला जावा, हा तिचा अर्थ होता. ‘उस्मानशाही मिल्स लिमिटेड’चा हा उद्योग १९७४ च्या आजारी कापडगिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात केंद्र सरकारकडे गेला.

१७/ आणि आज? २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ‘उत्पादक कंपनी’ आली. किमान १० शेतकरी मिळून ती स्थापन करू शकतात. संचालक किमान ५, कमाल १५. समभाग कितीही असोत, वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत एका सभासदाला एकच मत. ज्यांच्या साऱ्यातून १८८६ चा व्यवहार झाला, त्यांच्या वारसांना आता स्वतः भागधारक होता येते.

१८/ कोणत्याही कंपनीत संचालकाचा एखाद्या व्यवहारात स्वार्थ असेल, तर त्याने तो मंडळापुढे उघड करावा, असे २०१३ च्या कायद्याचे कलम १८४ सांगते. बियाणे पुरवणारा संचालकाचा भाऊ असो, गोदाम भाड्याने देणारा संचालक स्वतः असो, नोंद सभेच्या इतिवृत्तात हवी. अब्दुल हक यांनी दडवली होती ती हीच नोंद.

१९/ भागधारकाचे घरदार वाचवणे, हा मर्यादित जबाबदारीचा उद्देश होता आणि तो न्याय्यच आहे. पण ही ढाल एका माणसाला वाचवते तेव्हा नुकसान दुसऱ्या कोणाकडे तरी सरकते. म्हणूनच ढालीमागे कोण उभे आहे, हे सर्वांना दिसले पाहिजे. नव्या कंपनीचे घटनापत्रक हाती आले की पहिल्या पानावरचे भांडवल वाचून थांबू नये. समभाग कोणाच्या नावावर आहेत आणि त्यांच्या बदल्यात कंपनीला खरोखर काय मिळाले, ती पाने आधी उघडावीत.