सरकती सीमारेषा

जबलपूरच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचा संगणकीय नकाशा करताना मला पहिली अडचण आली ती रंगांची. वर्षांची पट्टी सरकवली की गढा-मंडला १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१८ मध्ये कंपनीकडे जाते. संगणकाला प्रत्येक वेळी एकच रंग हवा. परंतु नाव पेशव्यांचे, वसुली सागरकरांची आणि डोंगरात अंमल गोंड जमीनदारांचा, हे एका रंगात कसे बसावे? (सरकारी नोकरीत हा अनुभव नवा नव्हे!) अखेर मी सीमारेषा धूसर केली; सागर, मंडला, नागपूर ही ठिकाणे तेवढी ठळक ठेवली. ते पाहून इथल्याच एका मराठी मुलीने विचारले, "म्हणजे आपले लोक इथे राज्य करायला आले, की वसुलीला?" सध्या मी सारावसुलीचे जुने आकडे शोधतो आहे.