ठिणगीचा हिशेब

घोडबंदर रोडवर पूर्वी घोडे चालत असतील, असे नावावरून वाटते. वसईच्या खाडीकाठच्या त्या बंदरात म्हणे अरबी घोडे उतरत. घोडा हे वाहन फार सोयीचे. तो थांबला तर दमला, भुकेजला किंवा रुसला, यांपैकीच काहीतरी असणार, आणि ते त्याच्या तोंडाकडे पाहून कळते. मोटार थांबली की बॉनेट उघडावे लागते. मग चार माणसे आत डोकावतात. दोघे म्हणतात ‘करंट येत नाही’, दोघे म्हणतात ‘पेट्रोल येत नाही’. बंद पडलेल्या मोटारीची मीमांसा करणारे हे दोन पंथ फार जुने आहेत आणि एका पंथाने दुसऱ्याचे ऐकल्याचे उदाहरण नाही.

मी करंट पंथाचा. त्याला कारणही आहे. या पंथाचे मूळपुरुष चार्ल्स केटरिंग हे आमच्याच व्यवसायाच्या आसपासचे. अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत ते नोकरीला होते आणि दुकानातल्या गल्ल्याला विजेची मोटर बसवण्याचे काम त्यांनी तिथे केले. १९०९ साली नोकरी सोडून ते मोटारींच्या मागे लागले आणि पाठोपाठ कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवर ठिणगी पाडण्याची व्यवस्था त्यांनी करून दिली. बँकेतली नोकरी सोडून कोणी असा शोध लावल्याचे ऐकिवात नाही. अर्थात व्हीआरएस वगळता बँकेतली नोकरी सोडल्याचेही फारसे ऐकिवात नाही.

केटरिंगसाहेबांच्या या व्यवस्थेतून जो डिस्ट्रिब्युटर रुळला, तो म्हणजे शुद्ध कॅशियर. आत एक कॅम फिरतो आणि पॉइंटची जोडी उघडझाप करतो. पॉइंट उघडला की कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका निघतो आणि वर फिरणारा रोटर तो चार प्लगांना वाटतो. वाटपाचा क्रम बहुतेक गाड्यांत एक, तीन, चार, दोन. आमच्या काउंटरवर या क्रमाने टोकन पुकारले तर दोन नंबरवाला काच फोडील. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. एवढे व्हाउचर आमची अख्खी शाखा दिवसभरात पास करील की नाही, शंका आहे.

हा कॅशियर मराठी माणसाच्या घरी आला तो कुर्ल्याहून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि तिथून पुढे फियाट अकराशे आणि तिचीच नाव बदललेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. चितोडच्या राणीचे नाव घेतलेल्या या गाडीचे पॉइंट मात्र गरीब कारकुनासारखे झिजायचे. ठिणगीने काळे पडायचे, खड्डे पडायचे. पण रोग उघडा होता. कॅप काढली की दिसायचा. मिस्त्री पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, फटीत कोणाचे तरी व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंतर लावायचा, आणि गाडी चालू. आमच्या लहानपणी टॅक्सी रस्त्यात थांबली तर कोणी घाबरत नसे. ड्रायव्हर स्वतःच वैद्य असे.

त्या काळात लबाडी करणारी वस्तू एकच, ती म्हणजे कंडेन्सर. करंगळीएवढी डबी, पॉइंटवरची ठिणगी मारण्यासाठी बसवलेली. ती तापली की कामचुकारपणा करायची आणि थंड झाली की पुन्हा साळसूद. शिवाय उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा, म्हणून इंजिनाच्या अंगच्या पंपावर ओले फडके टाकायची पद्धत होती. म्हणजे रोग करंटचा असो की पेट्रोलचा, लक्षण एकच: गरम असताना बंद, गार झाल्यावर चालू. आणि फडके टाकेपर्यंत वीस मिनिटे जात असल्यामुळे गुण नेहमी फडक्याला येई.

पॉइंट गेले ते धुरामुळे. झिजलेला पॉइंट ठिणगी चुकवतो आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर जाते. अमेरिकेत धुराचे कायदे कडक झाले तेव्हा क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या सगळ्या मोटारींतून पॉइंट काढून टाकले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि न जळलेले पेट्रोल त्याला अजिबात पचत नाही. पॉइंटच्या जागी सेन्सर येऊन बसले. त्यातल्या एका जातीला हॉल म्हणतात. यात दिवाणखान्याचा संबंध नाही. एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने १८७९ साली बाल्टिमोरला सोन्याच्या वर्खातून वीज सोडली, जवळ चुंबक धरले आणि वर्खाच्या दोन कडांत किंचित दाब निर्माण झालेला पाहिला. सोन्यावर इतके कमी व्याज कोणालाच मिळाले नसेल. पण पुढे अर्धवाहक आले आणि हीच गोष्ट उपयोगी पडली. डिस्ट्रिब्युटरमध्ये चार खिडक्यांची पत्र्याची वाटी फिरते, खिडकी आली की चुंबक दिसते, पत्रा आला की झाकते. सेन्सर त्याप्रमाणे हो-नाही, हो-नाही सांगत राहतो. झीज नाही, घासणे नाही. आणि बिघडला तर बाहेरून दिसणेही नाही.

आमच्या साडूंकडे नव्वदच्या दशकातली अशी एक गाडी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. ती घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांमधून पाऊण तास रांगत निघाली की गायमुखच्या चढावर हमखास बंद पडे. मागे ट्रक, पुढे ट्रक, आत साडूंची आई. अर्ध्या तासाने आपोआप चालू. गॅरेजपर्यंत जाईतो गाडीला काहीही झालेले नसे, डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसे. पेट्रोल पंथाने पंप बदलला. करंट पंथाने प्लग, वायरी आणि कॉइल बदलली. गाडी चढावर बंद पडतच राहिली. साडू मला म्हणाले, “अहो, एवढ्या पैशात हिला घोडाच जोडला असता.”

शेवटी कापूरबावडीच्या बाजूचा एक वयस्क मिस्त्री भेटला. त्याने बॉनेट उघडलेच नाही. विचारले, “शेठ, बंद पडल्यावर चावी मारता तेव्हा फेऱ्यांचा काटा हलतो का?”

साडूंच्या आई म्हणाल्या, “नाही हलत. मेल्यासारखा पडून असतो. मी बघते ना, दुसरं करायचं काय तिथे?”

निम्मे निदान तिथेच झाले. स्टार्टर इंजिन फिरवतो आहे आणि काटा शून्यावर, म्हणजे इंजिन फिरते आहे ही बातमीच वर पोचत नाही. ही बातमी नसेल तर ठिणगीही नाही आणि अशा गाडीत इंजेक्टर पेट्रोलही सोडत नाही. दोन्ही पंथ एकाच वेळी बरोबर आणि एकाच वेळी चूक.

मग मिस्त्रीने सेन्सरच्या तीन वायरी पाहिल्या. एकीवर व्होल्ट येत होते, दुसरी अर्थ, तीही ठीक. तिसरीला मीटर लावून पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. आकडा शून्य, पाच, शून्य, पाच. सेन्सर एकदम सज्जन! साडूंचा चेहरा पडला. मिस्त्रीने पोऱ्याला शेजारच्या सलूनमध्ये पिटाळून हेअर ड्रायर मागवला आणि डिस्ट्रिब्युटरवर गरम वारा सोडला. पाच-सात मिनिटांनी पुन्हा पान्याने इंजिन फिरवले. आकडा पाचावर, आणि हलायला तयार नाही. ओले फडके ठेवले, थांबला, फिरवले. पुन्हा शून्य, पाच, शून्य, पाच. कॉइल किंवा मॉड्युलही तापून असेच रुसते, पण त्यांना वाऱ्याची झुळूकसुद्धा लागलेली नव्हती. गुन्हेगार सापडला तो आरोपीला चढावरचे हवामान जागेवर आणून दिल्यामुळे.

सेन्सर सुटा मिळत नव्हता, अख्खा डिस्ट्रिब्युटर घ्यावा लागणार होता, आणि एवढ्या जुन्या गाडीचा तो दुकानात कुठून असणार? तो मिळाला कुर्ल्याच्या भंगार बाजारात. साडूंनी घासाघीस करून आणला, पण मिस्त्रीने तो बसवण्याआधी पुन्हा सलूनमधून ड्रायर मागवून त्याचीही परीक्षा घेतली. मग जुना काढण्यापूर्वी खिळ्याने इंजिनावर आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर एक सरळ रेघ ओढली, कारण डिस्ट्रिब्युटर जरा फिरला तरी टायमिंग सरकते. साडूंच्या आईंनी ती रेघ निरखून पाहिली आणि विचारले, “याचे पैसे वेगळे का?”