जामठ्यातली शेवटची ओव्हर

१२ मार्च २०११, शनिवारची रात्र, विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. मौद्याहून भंडारा रोडने तू नागपूरला आलास, तिथून वर्धा रोडने जामठ्याला. आता स्टेडियममध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. संध्याकाळी सचिनने १११ केल्या तेव्हा तू नाचलास. त्यानंतर १ बाद २६७ वरून भारत २९६ वर संपला. नऊ गडी गेले २९ धावांत, त्यातले पाच डेल स्टेनचे.

दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला १३ हव्यात. हरभजनची एक ओव्हर शिल्लक आहे, पण धोनी चेंडू आशिष नेहराकडे देतो. समोर रॉबिन पीटरसन. पहिल्या चेंडूला बॅटची नुसती कड लागते आणि चेंडू सीमेपार जातो. हा चौकार नीट बघून ठेव. फलंदाजाने त्यात काही घातलेलं नाही, वेग सगळा गोलंदाजाचा. मग षटकार, मग दोन, मग पुन्हा चौकार. दोन चेंडू राखून सामना गेला.

गोलंदाजाने तो वेगच काढून घेतला तर काय होतं, ते बघायला आता चल २९ जानेवारी २०१७ मध्ये. मैदान तेच, रविवारची रात्र, इंग्लंडविरुद्धची टी-ट्वेंटी. भारताच्या ८ बाद १४४, त्यात राहुलच्या ७१. खेळपट्टी संथ आहे, सीमारेषा लांब. शेवटच्या ओव्हरला इंग्लंडला फक्त ८ हव्यात आणि खेळताहेत जो रूट आणि जोस बटलर. चेंडू जसप्रीत बुमराकडे आहे. अठराव्या ओव्हरमध्ये त्याने तीनच धावा दिल्यात.

गर्दी स्टंपकडे बघते आहे. तू टेनिस बॉलचा गोलंदाज आहेस, तू त्याचा हात बघ. लहानसा रनअप, सरळ ताठ हात, स्लोअर चेंडूलाही खांदा यॉर्करला फिरतो तितक्याच जोरात. फरक पडतो तो सुटताना, बोटं चेंडूच्या बाजूने कापत जातात तेव्हा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. ११५ चा पोचायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जास्त लागतो. बॅट खाली येऊन पुढे निघून जायला तेवढा वेळ पुरतो.

पहिल्याच चेंडूवर रूट पायचीत. चेंडूला आधी बॅट लागली होती अशी इंग्लंडची तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते; टी-ट्वेंटीत तेव्हा डीआरएस नव्हतं. दुसऱ्यावर मोईन अलीची एक धाव. तिसऱ्यावर बटलरला काहीच नाही. चौथा चेंडू वेग काढलेला. बटलर पूर्ण ताकदीने बॅट फिरवतो, चेंडू मागून येतो आणि स्टंप उडतो. पाचव्यावर जॉर्डनला एक बाय. शेवटच्या चेंडूला षटकार हवा आहे. मोईन बॅट फिरवतो, लागत नाही. अख्ख्या ओव्हरमध्ये दोन धावा, त्यातली बॅटची एकच.

श्रीरामपूरच्या झहीर खानने हेच काम वेगळ्या पकडीने केलं होतं. २०११ च्या त्याच विश्वचषकात त्याने नकल बॉल काढला, चेंडू बोटांच्या पेरांवर टेकवून सोडलेला. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माइक हसीचा त्रिफळा त्याच चेंडूने उडवला. पकड कुठलीही चालते. हात मात्र आधी हळू झाला तर फलंदाजाला सगळं कळतं, आणि मग स्लोअरइतका मारायला सोपा चेंडू दुसरा नाही.

बुमराचं त्या दिवशी २० धावांत २ असं पृथक्करण. भारत पाच धावांनी जिंकला, बुमरा सामनावीर ठरला, आणि तीन दिवसांनी बंगळुरूत मालिका २-१ अशी आपली झाली. मौद्यात पुढच्या टूर्नामेंटला कॅप्टन शेवटची ओव्हर तुझ्या हाती देईल. त्याआधी नेटमध्ये स्लोअर टाक, आणि हात हळू पडतो का, ते तुझ्या विकेटकीपरला विचार.