पेशींची पानगळ

१९६०च्या दशकात जॉन कर हे विकृतिशास्त्रज्ञ उंदराच्या यकृतावर प्रयोग करत होते. यकृताच्या एका भागाकडे रक्त नेणारी शीर बांधली, की तो भाग हळूहळू आक्रसत जाई. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन तऱ्हेची मरणे दिसली. काही पेशी फुगून फुटत, आतला ऐवज बाहेर सांडे आणि आसपास दाह होई. हा परिचयाचा ‘नेक्रोसिस’. पण मधूनच एखादी पेशी आक्रसे, तिचे आवरणासकट तुकडे होत आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत. दाहाचा मागमूसही नसे. कर यांनी १९७१ साली याला ‘श्रिंकेज नेक्रोसिस’ म्हटले. म्हणजे नवी गोष्ट दिसली, तरी नाव जुन्याचेच शेपूट!

पुढे स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे वायली आणि करी यांच्याबरोबर काम करताना त्यांना वेगळा शब्द हवासा वाटला. तेथील विद्यापीठातले ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी तो सुचवला : अपॉप्टोसिस. अर्थ, झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे. १९७२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मधील निबंधातून तो जगापुढे आला. शब्दातला दुसरा ‘प’ उच्चारू नये, अशी तळटीपही लेखकांनी दिली होती. (मी मात्र इतकी वर्षे तो बिनदिक्कत उच्चारत आलो आहे.)

शब्द बदलल्याने काय झाले? नेक्रोसिस हा अपघात; पानगळ हे झाडाचे स्वतःचे काम. साहजिकच, हे काम कोणती जनुके करवतात, असा प्रश्न विचारता येऊ लागला. सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत वाढीच्या काळात १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ मरतात; दर वेळी त्याच. त्या मरणामागची जनुके सापडली. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा वाटा मोठा होता.

वर्गात यालाच ‘पेशीची आत्महत्या’ म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. आत्महत्येत वैफल्य आहे, पानगळीत नाही. आणि उपमा ती उपमाच : खरे पान गळते तेव्हा देठाशी जे घडते ते अपॉप्टोसिस नव्हे. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते; शेजारीण तिला गिळणार कशी?

मुलांना त्यांचीच बोटे पाहायला सांगावीत. गर्भात हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी गळतात, तेव्हा बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात ही गळ फारशी होत नाही, म्हणून त्याचे पडदे टिकतात.