थोरल्या दवाखान्याची गोष्ट

कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरून तुम्ही शाहूपुरीतून पश्चिमेची वाट धरलीत, तर जी पेठ लागते ती शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली, आणि तिच्यामागून पेठ वाढली. तशीच पुढे चालत जा. जयंती नाला ओलांडला की दसरा चौक, आणि चौकाजवळच काळ्या दगडाची एक भारदस्त इमारत. आज तिला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर म्हणतात. संस्थानी काळात ते होते आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. गावाच्या तोंडी मात्र नाव एकच: थोरला दवाखाना.

दवाखाना थोरला खरा. पण तो कोणाकोणाचा होता? रोग्याला हात लावणारा माणूस कोण, आणि तो हात लावतो की नाही, हा प्रश्न औषधाच्या आधी येतो. कोल्हापूरच्या इतिहासात या प्रश्नाला दोन हुकूम मिळाले. त्यांच्यात सतरा वर्षांचे अंतर आहे.

पहिला हुकूम २६ जुलै १९०२ चा. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले होते. तेथे असतानाच त्यांनी ठरवले, की यापुढे संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ज्या कचेरीत हे प्रमाण शेकडा पन्नासाच्या खाली असेल, तेथे पुढची नेमणूक त्याच वर्गांतून व्हायची. आणि दर तिमाहीस खातेप्रमुखांनी हिशेब पाठवायचा. नुसती सदिच्छा नव्हती ही, तिला तपासणीची जोड होती. पण नोकरीला शिकलेला माणूस हवा. म्हणून १९०१ पासून दसरा चौकाच्या परिसरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

दवाखान्यापुरते बोलायचे, तर तेथे आणखी एक वर्ग बाहेर राहिला होता. तो स्त्रियांचा. परक्या पुरुषाला दुखणे दाखवण्यापेक्षा ते अंगावर काढलेले बरे, असे मानणाऱ्या बायका घरोघरी होत्या, आणि बाळंतपणात त्याची किंमत जिवाने मोजली जाई. त्यांना लाज सोडा असे सांगून भागले नसते. रखमाबाई केळवकर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचे काम पाहत. त्यांची कन्या कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली. महाराजांनी तिला आल्बर्ट एडवर्डमध्ये नेमले आणि अधिक शिक्षणासाठी विलायतेस पाठवले. म्हणजे रोग्याचा संकोच घालवण्याऐवजी त्या संकोचाला चालेल असा डॉक्टर आणला. शहाणपणाची गोष्ट ही, नाही का?

आता दुसरा हुकूम. १९१९ सालच्या आरंभी महाराजांनी सरकारी नोकरांना बजावले, की अस्पृश्यांना ममतेने व समतेने वागवावे. यात वैद्यकीय खातेही आले. हे ज्याला मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. शेवटचे वाक्य नीट लक्षात घ्या. मन बदलायला वेळ लागतो, हे महाराज जाणून होते. पण मन बदलेपर्यंत रोग्याने दाराबाहेर पडून राहायचे काय?

डॉक्टरला स्पर्श करायला सांगण्यासाठी हुकूम कशाला लागतो, असे कोणी विचारील. त्याला काठेवाडातील एक हकीकत सांगावी. १९२९ साली ती 'यंग इंडिया'त छापून आली आणि पुढे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लिखाणात घेतली. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत होऊन तापाने फणफणली. डॉक्टर आला तो वस्तीत शिरणार नाही या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि तसाच तो परत आला. रोग न्यूमोनिया. डॉक्टर दोन रुपये घेऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. बाई वाचली नाही. विद्या त्या डॉक्टरजवळ होती, पण हात पुढे आला नाही. कोल्हापूरचा हुकूम याच्या दहा वर्षे आधीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, हुकमाने हात पुढे येईल, मायाही येईल काय? बरोबर आहे. मायेचा हुकूम निघत नाही. पण म्हणूनच दोन्ही हुकूम एकत्र वाचावे लागतात. दुसऱ्याने दार उघडले. पहिल्याने आत कोण बसणार, हे ठरवायला सुरुवात केली. रोगी दारातून आत आला आणि आत आपली बोली बोलणारे, आपली रीत जाणणारे एकही माणूस दिसले नाही, तर तो बिचकतो. दुखणे अर्धेच सांगतो, पथ्य ऐकून घेतो आणि घरी जाऊन सोडून देतो. या संस्थानात तर रायबाग-कटकोळची कानडी मुलूखवस्तीही होती. तेथल्या म्हातारीला मराठीत पथ्य सांगितले, तर त्याचा उपयोग किती?

पुढे १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला आणि दवाखान्यात प्रवेश नाकारणे साऱ्या देशात गुन्हा ठरले. प्रवेशानंतर आत केलेला भेदभावही त्या कायद्याने गुन्हा ठरवला. पण प्रत्यक्षात आत गेल्यावर काय घडते, हे खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून आहे. तेव्हा एखाद्या दवाखान्याचा मोठेपणा मोजायचा असेल, तर खाटा जरूर मोजा. पण तेथल्या कामकऱ्यांत गावातली किती घरे दिसतात, हेही पाहा. आणि सर्वांत बुजरा रोगी तेथे न बिचकता बोलतो का, ते कान देऊन ऐका.