तांब्याची तार आणि अरुंद वाट

दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासा येथे तांब्याच्या कांबी व विजेच्या केबल तयार करणारे मोठे कारखाने आहेत. तारेसाठी घ्यावयाची कांब सामान्यतः ८ मिलिमीटर जाडीची असते. ती उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून खेचीत नेली की हवी तशी तार मिळते. येवल्याच्या पैठणीतील जरीची तारही याच युक्तीची. तेथे तांब्याच्या जागी रुपे, एवढेच. परंतु या युक्तीला अंत आहे. तार फार बारीक झाली की ओढणाऱ्या बळानेच ती तुटते.

१८१३ साली विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ही अडचण मोठ्या चतुराईने टाळली. दुर्बिणीत बसविण्यासाठी त्याला अतिसूक्ष्म तारा हव्या होत्या. त्याने प्लॅटिनमच्या तारेभोवती रुप्याचे जाड वेष्टन ओतले, दोन्ही एकत्र ओढले आणि अखेरीस नत्राम्लात रुपे विरघळवून टाकले. प्लॅटिनमला त्या आम्लाची बाधा नाही. ते तेवढे उरले.

१९७० मध्ये जी. ई. पॉसिन यांनी तर तार ओढलीच नाही. अणुविभाजनातून उडालेले कण अभ्रकातून गेले म्हणजे सरळ माग सोडतात. ते माग आम्लाने कोरून त्यांनी सूक्ष्म नळ्या केल्या आणि विजेच्या साहाय्याने त्यांत कथील, जस्त व इंडियम भरले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. अशा ४० नॅनोमीटरपर्यंत बारीक तारा त्यांच्या हाती आल्या. सिल्वाशाच्या कांबेहून दोन लक्ष पट बारीक!

अशा तारेतून वीज कशी वाहते, हा खरा प्रश्न. व्यास निम्मा केला की रोध चौपट, हा शाळेतला नियम येथे पुरा पडत नाही. नेहमीच्या तपमानात तांब्यातील इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसरीपर्यंत सुमारे ४० नॅनोमीटर जातो. तारच तेवढी अरुंद झाली तर तो तिच्या कडांवर आदळू लागतो आणि रोध अपेक्षेहून अधिक वाढतो. आर. बी. डिंगल यांनी १९५० मध्येच हे गणित मांडले होते. धातूतील स्फटिककणांच्या सीमाही वाट अडवितात, हे मायादास व शाट्झ्कस यांनी १९७० मध्ये दाखविले. म्हणून आधी क्ष-किरणांनी व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तारेची अंतर्रचना पाहावी लागते. त्यावाचून रोधाच्या मापाचा अर्थ लागत नाही.

संगणकाच्या चिपमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरण्याची घोषणा आय. बी. एम. ने १९९७ मध्ये केली, ती तांब्याचा रोध कमी म्हणून. आता चिपमधील सर्वांत अरुंद तारा ४० नॅनोमीटरच्याही खाली उतरल्या आहेत, आणि तेथे तांब्याचा तोच गुण ओसरतो. त्यामुळे कोबाल्ट व रुथेनियम यांची चाचपणी चालू आहे. एरवी हे तांब्यापुढे कमी प्रतीचे वाहक. परंतु त्यांतील इलेक्ट्रॉनची झेप मुळातच आखूड असल्याने अरुंद वाट त्यांना तितकीशी जाचत नाही.