राकसकोप ते महिपाळगड : एका फेरीचा इतिहास

बेळगावच्या पश्चिमेस सायकलीने एक फेरी करता येते. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी करीत राकसकोप जलाशय गाठावा. तेथून तुडयेमार्गे शिनोळी-देवरवाडीकडे वळावे. वैजनाथाचे दर्शन घेऊन महिपाळगड चढावा आणि वेंगुर्ले रस्त्याने घरी परतावे. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरते. तांबड्या मातीची वाट, जांभ्याचे खडक आणि अखेरची चढण यांमुळे चांगल्या गिअरच्या सायकलीवरूनही उतरून चालावे लागते. पन्नाशी उलटलेल्या आम्हा चौघांना ही फेरी पुरी करण्यास सबंध दिवस लागला. तरीही, आपल्या घराण्यांचा इतिहास ज्यांना केवळ कागदपत्रांतून ठाऊक आहे, त्यांनी ती एकदा करावी असे आम्हांस वाटते.

पहिला मुक्काम पाण्याचा. मार्कंडेय नदी अडवून राकसकोपचा जलाशय १९६२ साली झाला. त्याची पूर्ण पातळी २४७५ फूट. बेळगाव शहरही समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले. त्यामुळे हे पाणी उताराने शहरात येत नाही, ते उपसून चढवावे लागते. तुडये परिसरात पाऊस झाला की राकसकोपची पातळी वाढते, हे बेळगावकर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून वाचतात. ते तुडये आज कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात आहे.

येथेच फेरीचा दुसरा धडा मिळतो. १९५६ पूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा चंदगड वगळून उरलेला बेळगाव जिल्हा, निपाणीसह, म्हैसूर राज्यात गेला. एका जिल्ह्यातील सोयरीकसंबंध, शेतजमिनी व देवस्थाने यांना दोन राज्ये मिळाली. सीमेचा वाद पुढे महाजन आयोगाकडे आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. सायकलीवरून जाताना फलकावरची भाषा बदललेली दिसते. पायांना मात्र चढ आणि उतार एवढेच कळते.

शिनोळीपाशी आपण वेंगुर्ले रस्त्यास लागतो. हा रस्ता या दोन्ही राज्यांहून जुना. वेंगुर्ले बंदरात सतराव्या शतकात डचांची वखार होती. एकोणिसाव्या शतकात घाट चढून येणाऱ्या बैलगाड्या मीठ व नारळ आणीत आणि परत जाताना धान्य व कापूस नेत. १८८८ च्या सुमारास लोहमार्गाने मुरगाव बंदर जोडले गेले आणि या वाटेची रहदारी घटली. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज कोकणातून याच बाजूने वर आले. शिनोळीत आता औद्योगिक वसाहत आहे. तिच्यापायी माणसे रोज सीमा ओलांडून कामाला जातात. वाट तीच, माल निराळा.

देवरवाडीहून गडाची चढण सुरू होते. आमच्यापैकी एकाने दोनदा परतण्याची भाषा केली, दोनदा तो पुढे निघाला. महिपाळगडाच्या तटात आजही गाव नांदते आहे, आणि गाव असल्यामुळे रस्ता आहे. माथ्यावर उभे राहिले की पूर्वेस बेळगावचे पठार आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा दिसतात. घाटवाटांवर नजर ठेवण्यास जागा कशी असावी, हे तेथे सांगावे लागत नाही.

या फेरीचा अर्थ आम्ही इतकाच लावतो. सीमारेषा आपल्या आजोबा-वडिलांच्या हयातीत आखली गेली. पाणी आणि वाट त्यापूर्वीपासून आहेत. आमच्या पिढीला चंदगडची गावे आपल्याच जिल्ह्याची म्हणून ऐकून तरी ठाऊक होती. आमच्या नातवंडांना ती 'पलीकडची' वाटतात. नळाला येणारे पाणी कोठून येते आणि आपले आडनाव कोणत्या वाटेने आले, हे त्यांना घरी बसून सांगता येईल. पण ते पटेल असे नाही. पावसाळा सरताच, दिवाळीच्या सुटीत, त्यांना घेऊन पुन्हा निघावे असे आम्ही ठरविले आहे. त्यांचे पाय आमच्याहून बरे आहेत.